बाईपण, ओळख, संस्कृती यावर विद्यापीठात कार्यक्रम करायचाय, लावणी ठेवावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठाच्या महिला कक्षाने मार्चमध्ये दोन तासांचा रंगमंचीय कार्यक्रम करायला सांगितलाय, विषय ‘ओळख, बाईपण आणि संस्कृती’. पंचवीसेक जणांची टीम, मुली जास्त, मुलगे थोडे. यादी तयार आहे: मंगळागौरीचे खेळ, एक लावणी, एक पथनाट्य, दोन मुलींची मनोगतं आणि शेवटी नऊवारीतला रॅम्प वॉक. लावणीवरून समितीत दोन तट पडलेत, एक म्हणतो विद्यापीठात हे नको, दुसरा म्हणतो ही आपली संस्कृती आहे. आणि विचारणारीचं म्हणणं, दरवर्षीसारखं हार-तुरे-नाश्ता होऊन विसरलं जाणारं काही नकोय, मग काय करू?

मी बरीच वर्षं कॉलेजांमध्ये आणि विद्यापीठांत मुलामुलींबरोबर नाटकं आणि अशीच सादरीकरणं बसवतेय, त्यामुळे हे भांडण चांगलं ओळखीचं आहे. तू एम.ए.ला आहेस म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना.

लावणीवर सगळे भांडतायत खरे, पण मला अडचण त्याच्याही आधी दिसते. तुमच्या यादीतली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी बाईची आहे, पण ती वाचून तुमच्या टीममधल्या मुली कोण आहेत, कुठून आल्यात, हे काहीच कळत नाही. मंगळागौर म्हणजे नव्या लग्न झालेल्या मुलीची, श्रावणातल्या मंगळवारची, लग्नानंतर पाच वर्षं करायची पूजा आणि रात्रभराचे खेळ. ते खेळ मला मनापासून आवडतात, झिम्मा-फुगडीत जी ताकद लागते ती जिममध्ये लागत नाही. पण हे सगळ्यांच्या घरचं नाही. तुमच्यात कुणी जळगाव-धुळ्याकडची असेल तर तिच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी असतात. गोव्याची कुणी असेल तर तिच्या गावात पौषात मांडावर फक्त बायकांचा धालो, म्हणजे गाण्या-नाचाचा खेळ होतो. कुणी तांड्यावरची असेल, कुणाची आजी बाबासाहेबांवरच्या ओव्या म्हणत असेल, कुणाच्या घरी यातलं काहीच नसेल आणि तिच्यासाठी बाईपण म्हणजे आईबरोबर नाइट ड्युटीला हॉस्पिटलमध्ये काढलेलं बालपण असेल. संस्कृती हा शब्द पोस्टरवर एकवचनात लिहिला की या सगळ्या मुली आपल्याच कार्यक्रमात पाहुण्या होतात.

म्हणून यादी बाजूला ठेवा आणि पहिली मीटिंग वेगळी घ्या. प्रत्येकीने (आणि प्रत्येकाने, मुलांना सोडू नका) घरच्या एका बाईकडून एक गाणं, उखाणा, शिवी, गोष्ट, काहीही आणायचं. फोनवर रेकॉर्ड करून, विचारून, नाव लिहून. कोण म्हणतंय, कुठल्या गावची, कधी म्हणायची, आता म्हणते का, हे चार प्रश्न विचारायचे. माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त जणी सुरुवातीला सांगतात की आमच्याकडे असं काही नाही, आणि मग एका आठवड्याने आईचा फोन येतो की अगं मला अजून एक आठवलं. हे जे जमतं तेच तुमचं स्क्रिप्ट. दोन तासांचा मजकूर बाहेरून आणायची गरजच उरत नाही, उलट काय वगळायचं यावर तुम्ही भांडाल, आणि ते भांडण जास्त चांगलं असतं.

जात्यावरच्या ओव्या यात येणारच. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या गावांमधून ओव्या जमवायला सुरुवात केली, पुढे तो संग्रह एक लाखाच्या वर गेला, आणि त्यातल्या पुष्कळ ओव्या आता ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर गाणारणीच्या नावा-गावासकट मिळतात. टीमला बसून तासभर ऐकवा. सासर, माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल, भीमराव, सगळं एका आवाजात येतं, आणि बाई पहाटे अंधारात कोणी ऐकत नाही असं धरून बोलते तेव्हा काय बोलते हे कळतं. स्टेजवर आणताना मात्र एक सांभाळा, ओवी कामाच्या श्वासावर चालते. हात रिकामे असले की ती रडकी आणि संथ होते, प्रेक्षक अरे बापरे किती दुःख असं म्हणून मान हलवतात आणि संपलं. पुठ्ठ्याचं जातं करू नका. खरं मिळवा, गावाकडून कुणीतरी आणतंच, खाली गोणपाट टाका नाहीतर फळ्यांवर सरकतं, आणि त्यात मूठमूठ ज्वारीचे दाणे घालत राहा कारण रिकामं जातं दगडावर दगड घासतं आणि तो आवाज भयंकर असतो. समोरासमोर दोघी बसल्या की खुंटा या हातातून त्या हातात जातो, त्या ओढीतून लय आपोआप सापडते, शिकवावी लागत नाही. माइक जमिनीवर ठेवू नका, नुसती घरघर येईल, वरून लटकवा किंवा कॉलर माइक लावा. आणि निवेदनात गाणारीचं नाव घ्या. ‘पारंपरिक’ असं म्हणून सोडून देऊ नका, त्या बाईने ती ओवी आयुष्यभर सांभाळलीये.

आता लावणी. ठेवावी का, याचं उत्तर कोण करणार, कुणासमोर करणार आणि तुमच्याकडे त्यामागचं सांगायला वेळ आहे का, यावर अवलंबून आहे. तिन्हीचं उत्तर अर्धवट असेल तर नका ठेवू, आणि मी हे लावणीवरच्या प्रेमापोटी सांगतेय.

दोन्ही तट एकच गोष्ट विसरतायत. नको म्हणणारे लावणीला अश्लील म्हणतात तेव्हा ते खरंतर ती करणाऱ्या बायकांना म्हणत असतात, कारण तीच लावणी टीव्हीच्या रिॲलिटी शोमध्ये घरच्या सोफ्यावर बसून सगळे बघतात. आणि आपली संस्कृती म्हणणाऱ्यांनी हे विचारायला हवं की ‘आपली’ म्हणजे कोणाची, पिढ्यानपिढ्या ती ज्यांनी केली त्या बहुतेक कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग समाजातल्या बायका, त्यांच्या मुलींना शाळेत नाव सांगताना काय सोसावं लागलं हे त्यांना विचारा. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा शेवटचे दिवस पैशांच्या विवंचनेत काढून गेल्या. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ला, तोवर त्यांचं जवळजवळ सगळं आयुष्य सरलं होतं. हे काही न सांगता आपण पेशवाई नऊवारी भाड्याने आणून सिनेमातल्या लावणीवर तीन मिनिटं नाचलो तर त्या बायकांची कला घेतली आणि त्यांना दाराबाहेर ठेवलं असं होतं. मला हे फार लागतं, म्हणून इतकं बोलतेय.

करायचीच तर दोन चांगल्या वाटा आहेत. पहिली, संगीत बारीतल्या कलाकारांना बोलवा. संगीत बारी म्हणजे बायकांची पार्टी, पार्टीची मालकीण, सोबत पेटी-तबला-ढोलकी, पुण्यात आर्यभूषण थिएटरला किंवा दौंडजवळ चौफुल्याला ती अजून चालते. त्यांना बैठकीची लावणी करायला सांगा, बसून, नुसत्या चेहऱ्याच्या आणि हातांच्या अदेवर. एकच ओळ पाच वेगळ्या अर्थांनी म्हणून दाखवतात तेव्हा हॉलमध्ये जे होतं ते बघ, शिट्टी मारायला आलेला मुलगासुद्धा गप्प बसून ऐकतो. त्यांना आधी तुमच्या मुलींबरोबर दोन तास द्या, शिकवू द्या, बोलू द्या. त्या दोन तासांसाठीसुद्धा मानधन वेगळं धरा. आणि लॉक होणारी, आरसा असलेली ग्रीन रूम द्या. साधी गोष्ट वाटते, पण कलाकारांना व्हरांड्यात कपडे बदलायला लावलेलं मी एका ठिकाणी पाहिलंय, त्याच विद्यापीठाने पाहुण्यांसाठी एसी रूम उघडली होती.

दुसरी वाट, पैसे नसतील तर. लावणी नाचू नका, लावणीबद्दल, म्हणजे स्टेजवर बाई म्हणून कोण उभं राहू शकत होतं याबद्दल एक तुकडा बसवा. हा विषय महाराष्ट्रात इतका श्रीमंत आहे की त्यावर पूर्ण कार्यक्रम उभा राहील. बघ ना, संगीत नाटकात घरंदाज नायिका म्हणून बालगंधर्व उभे राहायचे आणि शहरातल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या, त्याच काळात तमाशाच्या बोर्डावर पवळाबाई स्वतः बाई म्हणून नाचत-गात होत्या आणि लोक लांबून बघायला यायचे. म्हणजे बाईने बाई म्हणून स्टेजवर यायची किंमत होती, आणि ती खालच्या मानलेल्या जातीच्या बाईने मोजली. १९१३ साली फाळक्यांना पहिल्या चित्रपटात तारामतीसाठी बाई मिळाली नाही म्हणून अण्णा साळुंके हा पुरुष उभा राहिला, आणि पाठोपाठच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहान मुलगी कमळाबाई आल्या, समाजाने वाळीत टाकण्याची तयारी ठेवून. तुमच्या टीममधल्या मुलांना इथे खरं काम मिळतं. एका मुलाने प्रेक्षकांसमोर नऊवारी नेसत, दागिने घालत, आवाज बदलत स्त्री-पार्ट उभा करायचा आणि बाजूला एक मुलगी त्याला सांगतेय की बाई अशी बसत नाही. हसू येईल, येऊ दे, पण मुलाने टिंगल करायची नाही ही अट पहिल्या दिवशी घाला. बायकी मुलाची नक्कल करून टाळ्या घेणं हे कॉलेजच्या स्टेजवर सर्रास चालतं आणि हॉलमध्ये बसलेल्या कुणाचा तरी त्याने जीव जातो.

इथेच रॅम्प वॉकचं सांगते. तो काढून टाका. मुलींनी चालून दाखवायचं आणि लोकांनी बघायचं, हे तर रोज बस स्टॉपवर होतंय. नऊवारी ठेवायचीच असेल तर नेसण्याची क्रिया ठेवा. शेतातल्या बाईचा कासोटा, कोळणीचं नेसणं आणि लग्नातलं नेसणं यात फरक आहे आणि तो कामामुळे आहे. नेसता येणाऱ्या कुणाच्या आईला किंवा विद्यापीठातल्या सफाई कामगार मावशींना बोलवा, कुर्ता-लेगिंगवरून नेसवत नेसवत त्या बोलतील, सात-आठ मिनिटांत सगळं सांगून होतं.

मनोगतांबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मुलगी स्टेजवर येऊन स्वतःच्या घरची, शरीराची, त्रासाची गोष्ट सांगते, सगळे भारावतात, दुसऱ्या दिवशी व्हिडिओ तिच्या काकाच्या व्हॉट्सॲपवर पोचतो आणि पुढचे सहा महिने ती एकटी भोगते. म्हणून माझ्याकडे नियम आहे की जिची गोष्ट तिने ती सांगायची नाही. सगळ्यांच्या गोष्टी नावं काढून एकत्र करायच्या, तपशील बदलायचे, आणि दुसरीने म्हणायची. कुणाची कुठली हे फक्त टीमला माहीत. प्रयोगाच्या सकाळपर्यंत कुणालाही आपली गोष्ट मागे घेता आली पाहिजे, कारण न विचारता, आणि ती गेली तर प्रयोग कोलमडू नये अशी रचना आधीच करा. रिहर्सलला कुणी रडली म्हणजे तुकडा चांगला झाला असं अजिबात नसतं. काही गंभीर बाहेर आलं, छळाचं वगैरे, तर तुम्ही मैत्रिणी मिळून ते निस्तरू नका, यूजीसीच्या २०१५च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्या एका सदस्याला आणि समुपदेशकाला सुरुवातीपासून माहीत असू द्या की अशी प्रक्रिया चाललीये.

लिहिताना मोठे शब्द टाळा. ‘समाजात स्त्रीला दुय्यम स्थान आहे’ हे वाक्य ऐकून कुणाला काही होत नाही. होस्टेलच्या रजिस्टरमध्ये परतायची वेळ लिहिताना मुलगी थांबते, मुलांच्या होस्टेलला ते रजिस्टरच नाही. वडील रोज आठला फोन करतात आणि फक्त जेवलीस का विचारतात, त्यात प्रेम किती आणि पहारा किती हे तिलाही सांगता येत नाही. असं काहीतरी द्या. आणि जुनं काही जोडायचं असेल तर आपल्याकडे खजिना आहे. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने, जेमतेम चौदा वर्षांच्या मुलीने, मांग-महार बायकांना बाळंत होतानासुद्धा डोक्यावर छप्पर नसतं हे लिहिलं आणि ते १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलं. चोखोबांच्या बायकोने, संत सोयराबाईने, त्याच्याही पाचशे वर्षं आधी विचारलं की देह विटाळातूनच जन्मतो तर सोवळा कोण. पाळीवरचा तुमचा आजचा तुकडा आणि हा अभंग शेजारीशेजारी ठेवून बघा, वर भाष्य करू नका.

पथनाट्य हॉलमध्ये नका करू, ते स्टेजवर गेलं की मरतं. त्याच दिवशी दुपारी कँटीनच्या चौकात करा, संध्याकाळचं आमंत्रणही तिथूनच जाईल. स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ १९८३ पासून गावोगाव झालं, सेट नाही, लाइट नाही, लोकांना ठाऊक असलेल्या चाली आणि नवे शब्द. ती पद्धत आजही चालते. चाल ओळखीची घ्या, शब्द तुमच्या कॅम्पसचे.

आता व्यवस्थेचं, यात परिस्थितीप्रमाणे फरक पडेल. होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं त्यावर तुमची वेळ ठरते, आठला बंद होत असेल तर कार्यक्रम चारला, नाहीतर बाईपणावरच्या कार्यक्रमातून मुलीच अर्ध्यात उठून जातील. दोन तास नका करू, सव्वा तास करा आणि नंतर अर्धा तास गप्पा, खुर्च्या गोल मांडून. मोठं सभागृह मिळत असलं तरी दीड-दोनशेचा लहान हॉल घ्या, गर्दीत शिट्ट्या मारणाऱ्याला लपता येतं, लहान हॉलमध्ये येत नाही. मोबाइल शूटिंग बंद असं नुसतं अनाउन्स करून होत नाही, दारात दोन जण उभे करा आणि एकाच अधिकृत कॅमेऱ्याने शूट करा, ते फुटेज कुणाकडे राहणार हे लेखी ठरवा.

समितीला स्क्रिप्ट शेवटच्या दिवशी देऊ नका. कार्यक्रमाच्या दहा-बारा दिवस आधी त्यांना रिहर्सलला बोलवा, कागदावर जो शब्द खटकतो तो मुलीच्या तोंडून ऐकला की खटकत नाही, असं पुष्कळदा होतं. तरीही काही काढायला सांगितलं तर कारण लेखी मागा, शांतपणे. दुसऱ्या कुणाचं नाटक किंवा कविता घेणार असाल तर कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असतो हे लक्षात ठेवा. विद्यार्थी-शिक्षकांनी संस्थेच्या आत, संस्थेशी संबंधित प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, पण तिकीट लावून बाहेर जाहीर प्रयोग करायचा ठरला तर लेखकाची परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र, दोन्ही लागेल.

तर थोडक्यात: आधी घराघरांतून गोळा करा, मग त्यातून निवडा, मंगळागौर टीममधल्या कुणाच्या घरची असेल तर ठेवा आणि शेजारी भुलाबाईही ठेवा, लावणी करणाऱ्या बायकांसकट नाहीतर त्यांची गोष्ट म्हणून, रॅम्प वॉक नाही, मनोगतं अदलाबदल करून.

राहिला पाहुण्यांचा प्रश्न, तू विचारलंयस की सिरियलमधली अभिनेत्री बोलवायची का. नका बोलवू. ते पैसे लावणीच्या कलाकारांना, जातं घेऊन येणाऱ्या आजींना, नेसवणाऱ्या मावशींना वाटा, शाल-श्रीफळावर भागवू नका. आणि विद्यापीठाचं बिल निघायला दोन-तीन महिने जातात हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना माहीत नसतं आणि परवडतही नाही. म्हणून पॅन कार्ड आणि पासबुकची झेरॉक्स आत्ताच मागून घ्या, अकाउंट्समधून ॲडव्हान्स मंजूर करून घ्या, म्हणजे कार्यक्रम संपला की त्याच संध्याकाळी त्यांच्या खात्यात पैसे जातील. ॲडव्हान्सचा अर्ज कसा लिहायचा यात अडलीस तर इथेच विचार, मसुदा देते.